बाटली मी आणली नाही

चाळीसगाव स्टेशनवर दादाने माझी ट्रंक डब्यात चढवली, सीटखाली सरकवली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं, "बहीण आहे माझी. दिल्लीला चाललीय, कॅन्सरवर औषध शोधायला." मी ओशाळले. मी चालले होते साध्या पीएचडीला, तीही पुण्यात जागा मिळाली नाही म्हणून. खिडकीशी उभी राहून आई म्हणाली, "पत्र टाकत जा. आणि खरं ते लिही, नुसतं बरं आहे, बरं आहे असं नको." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. सुटल्याचा आनंद झाला होता, तो आज कबूल करते.

पहिली दोन वर्षं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात मामांच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. मामींच्या मराठीत दर दोन शब्दांमागे एक "बिल्कुल" असायचं. मी मनात हसायचे आणि वर्षभरात तशीच बोलू लागले. मग नोएडात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे तेव्हा शेतं विकली जात होती आणि जिकडेतिकडे विटांचे ढीग, नव्या सोसायट्यांच्या पाट्या. देश बदलतोय असं पेपरात रोज यायचं. माझ्या वाट्याला त्यातून चार्टर्ड बसमधली एक सीट आणि शेजारच्यांच्या जनरेटरची घरघर आली.

तुम्ही जे तिकडे गावी राहिलात त्यांना आमचं काम कधी कळलं नाही, कारण आम्हीच ते धड सांगितलं नाही. आपल्या शरीरातल्या पेशींना वेळ झाली की मरण्याची सोय असते. पोटातल्या बाळाची बोटं सुटी होतात, ती मधल्या पेशी निमूट मरतात म्हणून. कॅन्सरची पेशी मरायला नकार देते. एक प्रथिन तिला तगवून धरतं, आणि आमच्या लॅबमध्ये आम्ही त्या प्रथिनाला अडवणारं एक रसायन तपासत होतो. एका सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर प्लेटमधल्या, म्हणजे लॅबच्या ताटलीत वाढवलेल्या, कॅन्सरच्या बहुतेक पेशी मेलेल्या. मी इतकी हरखले की घरी लिहिलं, आमच्या औषधाने कॅन्सर मेला. 'प्लेटमध्ये' हा शब्द लिहायचा राहिला. राहिला कसला, मीच गाळला. दादाने ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं.

तीन वर्षांनी आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. दादा तिला घेऊन थेट नोएडाला आला. नाशिक नाही, मुंबई नाही. बहीणच औषध करते म्हटल्यावर दुसरीकडे कोण जाईल? केमोने आधी गाठी विरल्या, मग परत आल्या, आणि डॉक्टर मला म्हणाले, "अब दवा असर नहीं कर रही." ते मी आईला मराठीत सांगितलं.

"तुझ्या पेशी मेल्या ना?" ती म्हणाली. "मग माझ्या का मरत नाहीत?"

मी तिला समजावलं. ताटलीतलं मरणं वेगळं, अंगातलं वेगळं. शिकवणीला बसवल्यासारखं अर्धा तास समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी दादाने मला बाल्कनीत गाठलं. "एक बाटली आण. कोणाला कळणार आहे?" मी सांगितलं की ते रसायन अजून उंदरालाही दिलेलं नाही, आईचा जीव त्यानेच जाईल. त्याला त्यातून एवढंच ऐकू आलं की हिला नोकरीची भीती आहे. महिन्याभराने तो तिला परत घेऊन गेला. आई वारली तेव्हा मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याला काकू माझ्या देखत कुजबुजल्या की औषध हिच्या फ्रिजमध्ये होतं म्हणे. दादा तिथेच होता. ऐकून तो पुढच्या पानावर वाढायला गेला.

पुढे ते रसायन उंदरांना दिलं. त्यांची यकृतं खराब झाली, उंदीर मेले आणि ते काम बंद पडलं. माझ्या कित्येक वर्षांच्या मेहनतीची माती झाली होती आणि तरी मला बरं वाटलं, कारण आता दादाला दाखवायला पुरावा होता. सुट्टी काढून चाळीसगावला गेले, ती मुद्दाम हे सांगायला.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरं औषध मागितलं, ती माझी चूक. पण तू साधं पाणी भरून आणलं असतंस तरी चाललं असतं. संध्याकाळी तू लॅबमधून यायचीस ना, तेव्हा आई रोज तुझ्या पर्सकडे बघायची. मी समोरच बसलेलो असायचो."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले.

इकडची मराठी मंडळी भेटली की विचारतात, घर कुठे? मी नोएडा म्हणते. गाव विचारलं तर चाळीसगाव म्हणते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते. मी आईशी खोटं बोलले नाही याचा मला फार अभिमान होता. आता संध्याकाळी दाराचं कुलूप काढताना वाटतं, आत कोणीतरी माझ्या पर्सकडे बघत बसलेलं असावं, आणि या वेळी मी रिकाम्या हाताने येऊ नये.