हाराला शोभणारा चेहरा

मालिकांमध्ये मी बाप असतो आणि बाप म्हणून मरतो. गेली कित्येक वर्षं माझं हेच चाललंय. पांढरा झब्बा, काड्यांचा चष्मा, कपाळाला गंध आणि लग्नाच्या वयाची एक मुलगी. सुरुवातीच्या भागांत मी तिला "पोरी, स्वाभिमान सोडू नकोस" असं काहीबाही सांगतो आणि मग छातीवर हात ठेवतो. पुढे मालिका दोन-तीन वर्षं चालते आणि मी दिवाणखान्यात हार घालून लटकत राहतो. मुलगी संकटात सापडली की माझ्याकडे बघून रडते. वाहिनी बदलते, मुलगी बदलते, मी आहे तिथेच.

एका दिग्दर्शकाने मला तोंडावर सांगितलं होतं, "सर, तुमचा चेहरा हाराला शोभतो. बघणाऱ्याला लगेच वाटतं, माणूस चांगला होता." मी हसलो. दुसरं काय करणार? एकदा हौसेने खलनायकाची ऑडिशन द्यायला गेलो. दोन वाक्यं झाल्यावर तिथल्या मुलीने कॅमेरा बंद केला आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, बाबांचा एक रोल आहे, छोटासा आहे, पण इमोशनल आहे." छोटासा म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही.

भिंतीवरच्या फोटोसाठी दर वेळी अर्धा दिवस मोडायचा, म्हणून मी एक बरासा फोटो मोठा करून फ्रेम करून घेतला आणि पिशवीतून न्यायला लागलो. सेट सजवणारा, म्हणजे आर्टवाला, जाम खूश. आपलाच मयताचा फोटो घेऊन स्कूटरवरून नायगावच्या स्टुडिओत निघालेला दुसरा माणूस अख्ख्या वसईत सापडायचा नाही.

हेही मी निभावून नेलं असतं. प्रश्न आईचा होता.

आई पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. हयात मासळीबाजारात गेली, आता गुडघे गेलेत, म्हणून खाटेवर बसून घरावर राज्य करते. संध्याकाळी आधी माझी मालिका, मग रोझरी, म्हणजे आम्हा ख्रिस्ती घरांतली माळेवरची प्रार्थना. रोझरीच्या शेवटी घरातल्या मयतांसाठी प्रार्थना होते: माझे वडील, समुद्रात गेलेला मामा, आजी. मी मालिकेत मेलो की त्यांच्यात त्या पात्राचीही भर पडायची. मी म्हटलं, "आई, अगं तो खोटा माणूस. शिवाय हिंदू."

"मेला ना? पोर त्याची नुसती रडत बसलीय. प्रार्थना कोन बोलनार?"

अशी आमची रोझरी लांबत गेली. बायको म्हणायची, "तुमच्या मेलेल्यांपायी माझ्या भाकऱ्या गार होतात." आम्ही हसायचो, पण आई हसायची नाही. माझ्या प्रत्येक मरणानंतर तिचं जेवण तुटायचं. मी समोर बसून कालवण ओरपतोय आणि ती माझ्याकडे बघून डोळे पुसतेय, हे किती वेळा सोसायचं? मागच्या वर्षी तिला इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. त्या दिवशी तिने माझा हात धरला. "बाला, एकदा तरी जगून दाखव. मी हाय तवर." आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेलं हे एवढंच.

आणि तसं काम चालून आलं. चिंचोटीजवळ एका बंगल्यात शूटिंग. मुलीबरोबर खानावळ चालवणारा बाप. लेखक म्हणाला, "यात तुम्ही शेवटपर्यंत आहात." मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. मुख्य म्हणजे आर्टवाल्याने फोटो मागितला नाही. फोटो कपाटाच्या मागे टाकून दिला आणि त्या दिवशी मी घरात चक्क शीळ घातली.

त्या मालिकेत मी काय नाही केलं! भजी तळली, गिऱ्हाइकांशी भांडलो, मुलीच्या हळदीत नाचलो. आई नीट जेवायला लागली. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेटेल तिला सांगायची, "यात नाय मरत तो." माझ्या नाचण्यापेक्षा तिला माझं जेवणं आवडायचं. पडद्यावर मी ताट स्वच्छ करून उठलो की ती मान डोलवायची.

मग पावसाळा आला. एका रविवारी चिंचोटीच्या धबधब्याला निघालेल्या गर्दीत अडकून मी सेटवर उशिरा पोचलो. आत लेखक आणि वाहिनीची बाई माझीच वाट बघत होते. बाई म्हणाली, "सर, गोष्ट थंडावलीय. मुलीला मोठा धक्का बसायला हवा."

"मग नवऱ्याला मारा," मी म्हणालो.

ती हसली. "तुमच्यासारखं कोणी मरत नाही, सर."

मी आईचं सगळं सांगितलं. त्या थकलेल्या हृदयाचं, त्या मागण्याचं. लेखक टेबलावरची पानं नीट लावत बसला. मी म्हटलं, "मग मी मालिका सोडतो."

"सोडा ना," बाई म्हणाली. "तुम्ही नसलात तरी जमेल. फोन वाजेल, मुलगी किंचाळेल, फोटोला हार घालू."

"फोटो मी दिलेला नाही."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. माझाच फोटो. मागच्या मालिकेच्या आर्टवाल्याने भिंतीवरून टिपून ठेवलेला, मदत म्हणून पाठवला होता. डोल जाळ्यात शिरलेल्या बोंबलासारखी माझी गत झाली. पुढे गेलो तरी जाळं, मागे फिरलो तरी जाळं. मला संताप आला, रडू आलं, आणि दोन्ही त्यांच्यासमोर दाखवायची लाज वाटली. निदान माझा हात तरी छातीवर जाणार नाही, असं ठरवून मी तिथून निघालो.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की केबल बंद आहे. ती म्हणाली, "मोबाइलवर लाव. कितीदा लपवशील?"

लावला. फोन वाजला, मुलगी किंचाळली, भिंतीवर मी आलो, चंदनाच्या हारात. आईच्या शेजारी खाटेवर बसून मी बघत होतो. तिचा हात घट्ट धरून म्हटलं, "आई, हा बघ मी. ते काम मी सोडून दिलं, तुझ्यासाठी."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. रडली नाही. माळ मागून घेतली.

बायकोही येऊन बसली. रोझरी झाली. वडिलांसाठी झालं, मामासाठी झालं, आजीसाठी झालं. मग आईने माझं नाव घेतलं. मालिकेतलं नाही, माझं बाप्तिस्म्याचं.

"आई, काय हे!"

"दर वेलेला वेगलं नाव ठेवतात तुला. देवानं कुठल्या नावानं शोधायचा? त्या पोरी तर उद्या दुसऱ्या बापासाठी रडतील." तिने माळेचा क्रूस ओठांना लावला. "आनि तू खरा मरशील तवा मी नसनार. म्हनून आताच बोलून ठेवते."

तिने प्रार्थना पुरी केली आणि आमच्या उत्तरासाठी थांबली. उत्तर मिळाल्याशिवाय ती कधीच पुढे जात नाही. शेवटी मीच आमेन म्हटलं.