लेथ मशीनमागे अडकलेलं भजनी मंडळ

बाबा कळव्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथ मशीनवर लोखंड फिरवत ठेवून ते हवं तसं कापायचं, गोल करायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. ते रिटायर झाले आणि थोड्याच काळात कारखानाही बंद पडला. ज्या लेथवर आपण इतकी वर्षं उभे राहिलो ते भंगारात चाललंय हे कळल्यावर त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी ते घरी आणतोय."

आईला वाटलं, आठवण म्हणून एखादा पार्ट आणतील. शोकेसमध्ये ठेवता येईल असा.

आमचं टिटवाळ्याचं रो हाऊस उतारावर आहे, त्यामुळे बिल्डरने खाली एक तळघर काढून दिलंय. गेटच्या बाजूने अरुंद पायऱ्या उतरल्या की त्याचं दार. ही जागा वर्कशॉपसाठीच बांधलीय, असं बाबांचं मत. आईचं भजनी मंडळ मात्र दर गुरुवारी दुपारी तिथेच बसायचं, कारण वर टाळ वाजले की शेजारचे खिडक्या आपटायचे.

"तुमचं मशीन गच्चीवर न्या," आई म्हणाली.

"अगं, वजन बघ त्याचं. गच्ची खाली येईल."

"मग आपोआप पोचेल की तळघरात."

मशीन बुधवारी यायचं ठरलेलं. पण उतरवायची सगळी सूत्रं मामाने आपल्या हातात घेतलेली. मामा माजिवड्याला राहतो आणि त्याने एकदा स्वतःचा फ्रिज जिन्यावरून चढवलाय, तेव्हापासून जड वस्तूंच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही. जाडजूड दोरखंड त्याच्याकडे होता. बुधवारी तो दोरखंड घरीच विसरून आला. त्यामुळे सगळं गुरुवारवर गेलं.

मी डोंबिवलीहून सुट्टी टाकून आलेले. टेम्पो गेटपाशी पोचला तेव्हा खालून हार्मोनियम ऐकू येत होती. आई तळघराच्या दारात आली, कमरेवर हात ठेवून.

"आज गुरुवार आहे."

"माहितीये गं, पण टेम्पोवाल्याला परत जायचंय."

"आम्ही उठणार नाही," आई म्हणाली. आतून सगळ्या काकवांनी "नाही!" म्हणून साथ दिली. भजन पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत.

बाबांनी थोडा विचार केला. "बसू देत. पलीकडच्या भिंतीला टेकून बसा म्हणावं. मशीन अलगद आत जाईल, त्यांना कळणारही नाही."

बाजूच्या बिल्डिंगच्या साइटवरून छोटी क्रेन मागवून मशीन पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवलं. पायऱ्यांवर जाड फळ्या अंथरल्या. दोरखंडाचं एक टोक मशीनला, मधे गेटच्या खांबाला वेढे, आणि दुसऱ्या टोकाला मामा, बाबा, टेम्पोवाला आणि मी.

"सोडा... सोडा... धरा!" मामा ओरडत होता. मशीन एखाद्या लठ्ठ नवरदेवासारखं सावकाश उतरत गेलं. त्याचं पुढचं टोक दारातून आत शिरलं. मग कडकन आवाज आला आणि ते थांबलं. आम्ही दोर सैल सोडला, तरी जागचं हलेना.

भजनही थांबलं.

"अहो," आतून आईचा आवाज आला, "आता आम्ही बाहेर कशा येणार?"

मामा दोराकडे बघत राहिला, जणू दोरच उत्तर देणार होता.

तळघराला जमिनीलगत एक गज लावलेली खिडकी आहे. मी पालथी पडून आत डोकावले. काकवा भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एक जण फोनवर सुनेला सांगत होती, "कुकर लाव तू. मी मशीनमागे अडकलेय. अगं, शिलाई मशीन नाही गं!"

मी गजांमधून चहाचे कप आत दिले. बाबा माझ्या शेजारी पालथे पडले, एक डोळा मिटून निरखून म्हणाले, "बाजूला एक हँडल बाहेर आलंय ना, तेच चौकटीला अडकलंय. ते काढलं की झालं."

"मग काढा," आई म्हणाली.

"आमच्या बाजूने हात पोचत नाही. तुलाच काढावं लागेल."

आई मशीनकडे आणि मग खिडकीतल्या आमच्या तोंडांकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला. बाबांनी एक पाना आत दिला, तो मोठा झाला. दुसरा दिला, तो लहान. तिसरा बसला.

"आता डावीकडे फिरव."

"कुणाच्या डावीकडे?"

"घड्याळाच्या उलट गं!"

"घड्याळ वर हॉलमध्ये आहे!"

शेवटी हार्मोनियमवाल्या काकूंनी आईच्या हातावर हात ठेवला, मागून आणखी एकीने आईला कमरेला धरलं, आणि तिघींनी जोर लावला. नट सुटला. हँडल आईच्या हातात आलं आणि तिघी मिळून सतरंजीवर बसकण मारत्या झाल्या.

"भिंतीला लागा सगळ्या!" बाबा ओरडले. आम्ही धावत जाऊन दोर धरला, जरा जरा करत सैल केला, आणि मशीन आत सरकून जमिनीवर टेकलं. काकवांनी जोरात टाळ वाजवले. टेम्पोवाल्याने उगाचच नमस्कार केला.

आई वर आली ती हातभर ग्रीस माखून. बाबांनी हँडलसाठी हात पुढे केला.

"हे माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी मिळेल."

त्या दिवसापासून तसंच चाललंय. बुधवारी रात्री हँडल आईच्या ताब्यात जातं, पिठाच्या डब्यामागे; त्याशिवाय मशीन चालत नाही. बाबांना जागा माहीत आहे, पण ते काढत नाहीत. गुरुवारी मशीनवर जुनी चादर पडते आणि काकवा त्यावर पर्स ठेवतात. बाबांना तेव्हा काही उद्योग नसतो, म्हणून तेही सतरंजीच्या टोकाला येऊन बसतात. मंडळाने त्यांच्या हातात टाळ दिलेत. सगळ्यांचे टाळ वाजून झाले की मग त्यांचा वाजतो. आई गाता गाता डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघते, आणि बाबांना वाटतं, चांगलं चाललंय म्हणून बघतेय. ते आणखी जोरात वाजवतात.