बैलांच्या गाजरांचं भरीत

त्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ एका गोऱ्या साहेबाच्या तंबूवर चार महिने कारकुनी करून रनाळ्याला परतला, तो अक्कल तिकडेच गहाण ठेवून. चहा बशीत ओतणं गावंढळ, पाटावर बसणं गावंढळ, आणि आमचं भरीत तर विचारूच नका. घरातसुद्धा तो पुस्तकी मराठी बोलायचा. आई त्याच्याकडे बघून नुसती मान हलवायची.

नेमके तेव्हाच खापर गावचे पाहुणे मला बघायला यायचे होते. आधीची दोन स्थळं माझ्या रंगावरून परत गेली होती. हा मुलगा शाळामास्तर, त्याला वाचता येणारी बायको हवी होती. मला तो न बघताच पसंत होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

भावाने हुकूम सोडला, "भरीत करायचे नाही. साहेब भाजलेली गाजरे खातो. सबंध, वर लोणी."

"गाजर ते आपला बैल खातस ना भाऊ!" आई म्हणाली.

आमच्या शेतात गाजरं होती ती खरोखर बैलांसाठीच. पण आमच्या या घरच्या साहेबापुढे आईचं काय चालणार? मी टोपलीभर गाजरं धुतली आणि वांगी भाजतो तशीच कपाशीच्या काड्यांवर घातली. जाळ भसकन पेटला, साल कोळसा, आत कच्चं. मग निखाऱ्यात पुरून ठेवली तेव्हा कुठे मऊ झाली. आता आमच्याकडे काड्यांवर भाजलेली वस्तू पुढे बडगीत ठेचायला जाते, हे सांगावं लागत नाही. भाऊ पाहुण्यांना सामोरा गेला होता. आईने सवयीने सालं काढली, गाजरं त्या लाकडी कुंड्यात टाकली, मिरची-लसूण घालून मुसळीने ठेचली आणि वर कांद्याची पात घातली. मी बघत होते. माझ्याही काही लक्षात आलं नाही.

पंगतीत मुलाच्या वडिलांनी दोनदा मागून घेतलं. "डांगर भलतं गोड शे हो तुम्हनं!"

आई दाराआडून हसली. मला वाटलं, जमलं. भावाने तेवढं तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण साहेबाचं श्रेय लाल भोपळ्याला जातंय हे त्याला सोसेना. "डांगर नव्हे, गाजर आहे. साहेब लोक खातात."

म्हाताऱ्याचा हात ताटातच थांबला. "बैलसनं गाजर?"

मी आईमागे दाराआड उभी होते. त्या क्षणी भाऊ समोर असता तर मी त्याला बडगीत घातला असता. शेवटी म्हातारा हात धुऊन माझ्या वडिलांना म्हणाला, "पोर आम्ले पसंत शे. पन तुम्हना साहेबले चुल्हाजोडे जाऊ देऊ नका."

लग्न झालं. मास्तर चांगला निघाला. पण दर हिवाळ्यात गाजरं निघाली की सासरे गोठ्यातून ओरडायचे, "तुन्हा माहेरना पाव्हना बठेल शेतस, आदी त्यास्ले वाढ!" सगळं घर हसायचं. मास्तरही. मीही हसायचे, दात ओठ खात.

त्या दिवशी पंगत उठल्यावर बडगीच्या तळाचं मी बोटाने चाटून पाहिलं होतं. इतकं गोड काही मी तोवर खाल्लं नव्हतं. सासरी मात्र मी गाजराला कधी तोंड लावलं नाही. टोपली बैलांपुढे रिकामी करायची आणि ते खात असताना बघत उभी राहायची.