इंदूकाकू आणि लोखंडी सुरी

नवरा गेल्याचा निरोप आला तेव्हा इंदूकाकू वांगी चिरत होत्या. त्यांनी आधी सुरी धुतली, पदराला कोरडी केली, पात्यावरून खोबरेलाचं बोट फिरवलं आणि मग उठल्या. अंबरनाथच्या आमच्या चाळीत हे कित्येक वर्षं बोललं गेलं. "बाईचं काळीज दगडाचं आहे," म्हणणाऱ्या बायकाच सणाला त्यांच्याकडून पुरणपोळ्या करून घ्यायच्या.

मी शेजारच्या खोलीत सून म्हणून आले आणि पुढे त्यांच्या जेवणाच्या डब्यांच्या कामात हाताखाली लागले. एकदा धीर करून त्या दिवसाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पाय उचलत नव्हते गं. हातांना जे ठाऊक होतं, तेवढं हातांनी केलं."

सुरी साधीच, लोखंडी, लाकडी मुठीची. पातं वापरून काळंनिळं झालेलं. मी माहेरून आणलेल्या चकचकीत स्टीलच्या सुरीला त्या 'पाहुणी' म्हणायच्या. "दिसायला छान, पण कामाला उठायची नाही." लोखंडी पातं कपाच्या बुडावर जरा घासलं की धार परत यायची. टोमॅटोवर नुसतं टेकवलं तरी साल चिरायची.

"पण ती गंजते ना, काकू?"

"लक्ष दिलं नाही तर माणूसही गंजतं. सुरीचं काय घेऊन बसलीस!"

एका सकाळी गेले, तर सुरी मोरीतल्या पाण्यात पडलेली. पात्यावर तांबूस गंज. घाईत राहिली असेल, असं वाटलं. पण मग ती वरचेवर तशीच सापडू लागली. आमटीत मीठ दोनदा पडू लागलं, एकाचा डबा दुसऱ्याला जाऊ लागला. मुलगा महेश त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. विसरण्याचा आजार होता, वाढत जाणारा. महेश बदलापूरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचा. "आई, डबे बंद कर आणि आमच्याकडे चल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेरची साडी नेसून माझ्या दारात उभ्या. "चल, उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात जाऊन येऊ."

तिथल्या एका भांडीवाल्या सिंधी भाऊंची त्यांच्याशी जुनी ओळख. न सांगताच त्यांनी लोखंडी सुऱ्या काढल्या. काकूंनी त्या बाजूला सारल्या. "स्टीलवाली दिखाओ."

"आंटी, आप? आप तो स्टील को हाथ नहीं लगाती!"

"अभी पोछने का याद नहीं रहता, भाऊ. जो भूलने से खराब नहीं होगी, वो दो."

भाऊंनी मान खाली घालून सुरी कागदात गुंडाळली. परतताना रिक्षात काकूंनी पिशवीतून जुनी सुरी काढून माझ्या मांडीवर ठेवली. फडक्यात नीट बांधलेली. "तू पुसशील," म्हणाल्या आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

स्टीलची सुरी गंजली नाही, पण तिची धार गेली आणि तेही काकूंच्या लक्षात येईना. जोर लावून भोपळा कापताना ती सटकली आणि तळहातात घुसली. मी धावत गेले, तेव्हा रक्त फोडींवर सांडत होतं आणि काकू कापतच होत्या. त्याच आठवड्यात महेश त्यांना घेऊन गेला.

बदलापूरच्या घरात त्यांचं सगळं सून नीलिमा करायची. न्हाऊ घालायची, घास भरवायची. काकू तिला ओळखत नव्हत्या. चोर म्हणायच्या, एकदा तर त्यांनी तिच्या तोंडात मारली. "त्यांना वाटतं मी त्यांच्या घरात घुसलेय," नीलिमा मला फोनवर म्हणाली. "रोज नव्यानं वाटतं."

त्या थंडीत न्यूमोनियानं काकू गेल्या. त्याआधी एकदाच भेटायला जमलं. नीलिमा त्यांच्यासमोर बसून मटार सोलत होती. माझ्याकडे काकूंचं लक्षच नव्हतं. त्या तिच्या हातांकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?"

नीलिमाचे हात थांबले. "तुमचीच."

काकूंनी त्यावर विचार केला. मग म्हणाल्या, "असं होय? मग जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

नीलिमा मटारचं ताट घेऊन उठली. आत नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ वाहत होता.