माशाचं तोंड कुणीकडे?

मिस्त्रीला सगळे 'दोनदा' म्हणत. त्याला नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. नट आवळून झाला की तो पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. कुलूप लावलं की ओढायचा आणि चार पावलं गेला की परत येऊन ओढायचा. चहात साखर घातली का, हे दोनदा विचारायचा. बायको म्हणायची, "लग्नसुद्धा झालंय हो आपलं. आता तेही पुन्हा विचारू नका."

हसणारे हसत, पण गाड्या त्याच्याकडेच आणत. भितऱ्या माणसाने आवळलेला नट सहसा सुटत नाही, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.

मोटारसायकली दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, पण हा माणूस मोटारसायकल चालवत नव्हता. ऐकणाऱ्याला वाटायचं थट्टा चाललीय. पण पोहायला न येणारे नावाडी असतात की नाही? तसंच हे. बावीस वर्षांपूर्वी एक गाडी दुरुस्त करून चाचणीसाठी बाहेर काढली आणि तिची जुनी चेन मधूनच तुटून मागच्या चाकात गुंडाळली गेली. चाक जागच्या जागी थांबलं. मिस्त्री काही थांबला नाही. तो आधी हवेत गेला, मग गटाराच्या कठड्यावर आला. खांद्याचं हाड जुळलं, मन काही जुळलं नाही. तेव्हापासून गाडी चालवून बघायचं काम बायकोकडे. ती पदर खोचून गल्लीला दोन फेऱ्या मारायची आणि सांगायची, "तिसऱ्या गिअरला खाकरते." तिचं निदान कधी चुकायचं नाही.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला व्याही आले. लेकीचे सासरे. निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटल्यावर त्यांनी टेकडीवर कोंबड्या पाळल्या आणि मोटारसायकलला मागे अंड्यांचे ट्रे बांधून ते खाली बाजारात येऊ लागले. लेक आठ दिवस माहेरी आली होती, तिला घेऊन जायचं होतं. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेला. हेडमास्तर म्हटलं की तो आजही हाताची घडी घालायचा, आणि इथे तर हेडमास्तर अधिक व्याही, म्हणजे कारलं आणि वर कडुनिंबावर चढलेलं.

"व्याहीबुवा," हेडमास्तर म्हणाले, "गाडी चढाला रडते. कोंबड्यांचं खाद्य मागे टाकलं की पहिल्या गिअरमध्येसुद्धा गुडघे टेकते. काय औषध?"

"मागचं स्प्रॉकेट बदलू. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते ना, ते. आत्ता बेचाळीस दात आहेत, शेहेचाळीसचं घालू."

"म्हणजे पळेल?"

"पळणार नाही, ओढेल. वेग थोडा कमी, जोर जास्त."

"वा! माझे पडतायत आणि गाडीचे वाढतायत."

मिस्त्री हसला. व्याह्यांच्या विनोदाला हसायचं असतं. तेवढ्यात बायको आतून चहा घेऊन आली आणि डोळे मोठे करून कुजबुजली, "अहो, व्याह्यांना उभं ठेवलंय?"

दुकानात स्टूल एकच. लोखंडी, तीन पायांचं, वर जुन्या टायरची गादी. तीस वर्षं मिस्त्री त्याच स्टुलावर बसून काम करत आला होता. त्याने ते फडक्याने पुसलं, पुन्हा एकदा पुसलं आणि व्याह्यांपुढे ठेवलं. स्वतः जमिनीवर गोणपाट टाकून बसला.

काम सुरू झालं. मागचं चाक काढलं, जुन्या स्प्रॉकेटचे नट सोडवले, नवं बसवलं. चार दात वाढले की जुनी चेन अपुरी पडते, म्हणून दोन कड्यांनी लांब अशी नवी चेन घेतली. चेनची दोन टोकं जोडायला एक जोडकडी असते. तिच्या पिनांवर पट्टी बसते आणि पट्टीवर नखाएवढं पोलादी लॉक. दिसायला हुबेहूब मासा. एकीकडे बंद तोंड, दुसरीकडे फाकलेली शेपटी.

ज्या म्हाताऱ्याकडे मिस्त्री काम शिकला, तो म्हणायचा, "मासा कधी शेपटी पुढे करून पोहतो का रे गाढवा? चेन जिकडे पळते तिकडे त्याचं तोंड. उलटा बसवलास तर एखादा खडा, एखादी काडी शेपटीत अडकेल आणि त्याला सोलून काढेल. मासा गेला की पट्टी गेली, पट्टी गेली की चेन गेली."

एवढं लांबलचक कोण लक्षात ठेवतो? मिस्त्रीने त्याचं आपल्यापुरतं सुटसुटीत केलं होतं: मासा पुढच्या चाकाकडे बघतो. प्रत्येक गाडीला तो हे पुटपुटायचा, आणि तीस वर्षांत एक मासा निसटला नव्हता.

त्याही दिवशी तो पुटपुटला. मासा बसवला. तोंड पुढच्या चाकाकडे. पकडीने दाबला, टक्‌ असा आवाज आला. मग दुसऱ्यांदा बघायला मान वाकवली, तर हेडमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "अहो, बघून बघून झिजेल ती चेन! एकदा उत्तर लिहिलं की खोडरबर वापरू नये, असं मी पोरांना सांगायचो. कोंबड्या वाट बघतायत."

मिस्त्रीचा हात तिथेच थांबला. वर्गात पाटी पुढे करायला सांगितल्यासारखा तो उठून उभा राहिला. "झालंच," म्हणाला.

बायको फेरी मारायला निघाली, पण हेडमास्तरांनी तिलाही थांबवलं. "विहीणबाई, आता चढावरच फेरी होईल."

खाद्याचं पोतं, रिकामे ट्रे, त्यांच्यापुढे लेक आणि सगळ्यात पुढे हेडमास्तर, अशी गाडी निघाली. लेक मागे वळून म्हणाली, "बाबा, पोचले की फोन करते. दोनदा करते, हं!" आणि हसली.

ती वळणाआड गेली. मिस्त्रीने हात धुतले, स्टूल जागेवर ओढलं आणि दूधवाल्याच्या गाडीपुढे बसला. चेनला तेल घालायचं होतं. एका हाताने चाक फिरवत होता, दुसऱ्या हाताने थेंब सोडत होता. या गाडीलाही सहा महिन्यांपूर्वी त्यानेच जोडकडी घातली होती. मासा चेनच्या वरच्या अंगावर होता, तोंड पुढच्या चाकाकडे. चाक फिरलं. मासा पुढे पोहत गेला, इंजिनाजवळच्या छोट्या चक्रीवरून खाली उतरला आणि चेनच्या खालच्या अंगाने परत येऊ लागला.

आणि आता त्याचं तोंड मागच्या चाकाकडे होतं.

तेलाची बुधली हातातून सुटली.

तीस वर्षं हे डोळ्यांसमोरून जात होतं, पण बघितलं होतं कुणी! स्टुलावर बसलं की हाताशी येतं ते चेनचं वरचं अंग. तिथे चेन पुढे पळते, म्हणून मासा पुढे बघतो. जमिनीवर बसलं की डोळ्यांसमोर येतं ते खालचं अंग, आणि तिथे चेन मागे पळते. आज स्टुलावर व्याही होते. आज मासा खाली बसवला होता. तोंड पुढच्या चाकाकडे. म्हणजे उलटा.

"काय सांडलं?" बायको बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिचा आवाज बदलला. "अहो, काय झालं?"

"मासा उलटा," मिस्त्री म्हणाला. "पोर... पोर मागे बसलीय."

बायकोने फोन लावला. फोन आतल्या खोलीतच वाजला. लेक तो चार्जिंगला लावून विसरली होती. मग हेडमास्तरांना लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलणारा माणूस मी नव्हे, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत, आणि खरंच ते एकवचनी निघाले.

"बसा मागे," बायको म्हणाली. तिने स्कूटर काढलीसुद्धा होती.

"मी?"

"चेन मी जोडू का?"

बावीस वर्षांत मिस्त्री कुठल्याही दुचाकीवर बसला नव्हता. तो बसला. बायकोच्या खांद्याला त्याने असं धरलं, की नंतर चार दिवस तिथे बोटं उमटून होती. गावाबाहेर रस्ता टेकडीला लागतो आणि बारा वळणं घेत वर जातो. मिस्त्रीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना जास्तच दिसू लागलं. मासा शेपटीकडून उचकटतोय. पट्टी सरकतेय. चेन सापासारखी उसळून चाकात शिरतेय. चाक थांबतंय. आणि लेक... त्याने डोळे उघडले. उघड्या डोळ्यांना दरी दिसली. भीतीने माणसाची किती पंचाईत करावी!

"हळू," तो म्हणाला. लगेच म्हणाला, "लवकर."

"एक काय ते ठरवा!"

पाचव्या वळणावर रस्त्यात अंड्यांचा एक रिकामा ट्रे पडलेला होता.

बायकोने वेग कमी केला नाही, पण तिची पाठ ताठ झाली, ती मिस्त्रीच्या हातांना कळली. सहाव्या वळणावर दुसरा ट्रे, कठड्याशी उलटा पडलेला. पुढे खाद्याचे दाणे सांडलेले, रस्त्यावर लांबच लांब. मिस्त्रीला कुणाकडे काय मागावं हेही सुचेना, म्हणून तो नुसता मोजत राहिला, सात, सात, सात. सातवं वळण संपतच नव्हतं.

वळण संपलं. पलीकडे पाण्याच्या टाकीच्या सावलीत गाडी उभी होती. लेक फाटलेल्या पोत्याला दोरी गुंडाळत होती आणि हेडमास्तर तिला दोरी गुंडाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत समजावत होते.

"अगंबाई! तुम्ही कसे आलात?" लेक म्हणाली. मग तिला दिसलं की आई स्कूटर चालवतेय आणि मागे बाबा आहेत, आणि तिच्या हातातली दोरी गळाली. बाबा दुचाकीवर म्हणजे कुणीतरी गेलंच असणार. "कोण? काय झालं?"

मिस्त्री सरळ गाडीपाशी गेला आणि रस्त्यावर आडवा झाला. चाक हाताने सावकाश फिरवलं. जोडकडी आली. मासा जागेवर नव्हता. पट्टी एका पिनेवरून सुटली होती आणि दुसऱ्या पिनेवर, दुधाचा दात हलावा तशी, लोंबत होती. त्याने बोट लावलं. पट्टी तळहातावर पडली.

तो उठून बसला. पट्टी त्याने हेडमास्तरांपुढे धरली.

"लॉक मी उलटं बसवलं," तो म्हणाला. "माझी चूक."

लेक टाकीला टेकली. हेडमास्तरांनी पट्टी घेतली, चष्मा वर करून बघितली. मग पुढचं आठवं वळण बघितलं, तिथला तुटका कठडा बघितला.

"तीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणता?"

"नाही."

"मग आज कसं?"

बायकोने तोंड उघडलं होतं. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिने ते मिटलं. स्टूल तुम्हाला दिलं म्हणून, असं व्याह्यांना कसं सांगणार? "जमिनीवर बसलो होतो," एवढंच तो म्हणाला. "वरचं आणि खालचं यात घोटाळा झाला."

त्याने खिशात हात घातला. त्याला 'दोनदा' म्हणतात ते उगाच नाही. शर्टाच्या खिशात चिंधीत बांधलेल्या दोन जोडकड्या होत्या, लॉकसकट. पहिलं लॉक बोटांतून उडून गवतात गेलं. दुसऱ्या वेळी लेकीने त्याचं मनगट खालून धरलं, लहानपणी तो तिचं धरायचा तसं. चाक फिरवून त्याने चेनची टोकं वरच्या अंगाला आणली. म्हाताऱ्याचं आख्खं वाक्य शब्दन्‌शब्द म्हटलं, 'गाढवा'सकट. टक्‌.

तो उठायला लागला तेव्हा हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, "व्याहीबुवा, पुन्हा एकदा बघून घ्या."

मिस्त्रीने पुन्हा एकदा बघितलं.

उरलेली पाच वळणं लेक आईच्या मागे स्कूटरवर बसून गेली. मिस्त्री हेडमास्तरांच्या मागे बसला. कुणी सांगितलं नव्हतं. आपण जोडलेल्या चेनवर आपणच बसायचं, एवढंच त्याला सुचलं. शेहेचाळीस दातांनी गाडी चढ सहज ओढत होती, पण ते सुख कुणाला! बाराव्या वळणापर्यंत तो वाकून चेनकडे बघत होता आणि हेडमास्तर दर वळणाला विचारत होते, "आहे का मासा?"

"आहे."

महिन्याभराने हेडमास्तर ब्रेक आवळून घ्यायला आले. मिस्त्रीने सवयीप्रमाणे स्टूल पुसलं, पुन्हा पुसलं आणि पुढे केलं. "बसा, व्याहीबुवा."

हेडमास्तरांनी स्टुलाकडे बघितलं. मग कोपऱ्यातलं गोणपाट स्वतःच्या हाताने ओढलं, झटकलं आणि गुडघे कुरकुरत असताना त्यावर मांडी घातली.

"स्टूल तुमचं," ते म्हणाले. "तुम्ही बसा. आणि हे बघा, कोंबड्यांना घाई नाही."