बिनदाताची शेळी

सगळा तालुका जनावरं विकत होता आणि आमचे आबा विकत घेत होते. दुष्काळाचं साल, चाऱ्याची काडी नाही, देवगाव रंगारीत टँकर आला की भांडणं. आणि हे दर बाजारी कन्नडहून एक शेळी जीपमध्ये घालून घरी. वर आईलाच विचारायचे, "ही कुणाची गं?"

आई कपाळावर हात मारून घ्यायची. "तुमचीच! तुम्हीच आणली न्हवं का आत्ता?"

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल रुमालाखाली हात धरतो, बोटं दाबून आकडा कळवतो. पटलं की आपण हात आवळायचा. आबांचा उजवा हात त्या दिवसांत मधूनच झटका खाऊन आखडायचा, तोंडही त्याच बाजूला वाकडं व्हायचं. क्षणभरच. घरी आम्ही म्हणायचो, माशी हाकलत असतील. रुमालाखाली मात्र झटका म्हणजे होकार. शेवटच्या शेळीच्या तोंडात तर पुढचा एकही दात नव्हता, इतकी ती म्हातारी.

अख्खा कळप नुसत्या तोंडावरून ओळखणारा माणूस एके सकाळी माहेरी आलेल्या मला म्हणाला, "ओ बाई, तुम्ही कुणाच्या?" चुलते म्हणाले, "येड लागलंय. दावणीला बांधा." मी आबांना उचललं आणि शहरात माझ्या घरी आणलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तो झटका पाहिला आणि एमआरआय काढायला सांगितला. तिथं निराळाच तमाशा. मशीनजवळ धातू चालत नाही, आणि आबा कमरेचा चांदीचा करदोडा काढू देईनात. "करदोडा मेल्यावर तोडतात. म्या अजून जिता हाय." शेवटी मी शेजारच्या दुकानातून काळा दोरा आणून आधी तो बांधला, मग चांदीचा सोडला.

तपासणीचं ते केंद्र नव्या वसाहतीत होतं. पूर्वी तिथं पडीक माळ होता आणि आबा उन्हाळ्यात मेंढरं बसवायचे. सकाळचा चहा त्यांना आठवत नव्हता, माळ बरोबर आठवला. मशीन धडधडायला लागलं तसे ते आतूनच ओरडले, "अरे, हितं बोअरला पाणी लागत नाय! उगा कशाला मारताय?" फोटो पुन्हा काढावा लागला.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, जिथं आठवणी साठतात तिथं, पांढरट डाग. सूज. अंगातली राखण, म्हणजे रोगाशी लढणारी शक्तीच, मेंदूवर उलटली असावी, म्हणाले. नुसत्या फोटोवर ठरत नाही, रक्त आणि पाठीतलं पाणी तपासायला पाठवू. पण फोटो आणि झटके बघता औषध आजच सुरू करू.

मी आईला फोनवर समजावलं, "राखणीचा कुत्रा आपल्याच मेंढरांना चावायलाय."

"मग कुत्र्याला बांधा की," आई म्हणाली. "माणसाला कशाला बांधायचं?"

तपासण्यांनीही डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला. औषधानं आधी झटके थांबले. पुढच्या फोटोत डाग फिके झाले, डॉक्टर खूश. आबा मात्र मला अजून "ओ बाई" म्हणत आणि आपण आजारी होतो हे काही केल्या मानत नव्हते. फोटो दाखवला तर म्हणाले, "हे कुणाचंबी आसंल." मला फिके डाग नको होते, माझा बाप हवा होता.

गावी नेलं तेव्हा अंगणात ती बिनदाताची शेळी उभी. आबा तिच्याकडं बघत राहिले. मग सवयीनं अंगठ्यानं तिचा ओठ उचकटला.

"ही कुणी घेतली?"

"तुम्ही," आई म्हणाली.

"म्या? ही?" ते मटकन खाली बसले. "मग लई आजारी व्हतो म्या."

मी तोंडाला पदर लावला. हसू की रडू कळेना. तेवढ्यात ते माझ्यावरच खेकसले.

"आन् तू काय बघत व्हतीस गं? माझी लेक आसून तुला दात बघता येत नायत?"