तासाभरात बरं वाटतं

आमच्या भावोजींना अख्खा बाजार मास्तर म्हणतो. चाळीस वर्षं कापड बेतण्यात गेली, आणि नाकावर कधी माशी बसू दिली नाही. मी त्यांची मेहुणी. त्यांच्याच दुकानात शिलाई, काज-बटण करते आणि वर त्यांची बोलणी खाते. एरवी गप्प बसायची सवय मलाही नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातात दोन जाड सुया, चार तास रक्त मशीनमधून फिरवायचं, अंगात साठलेलं पाणी काढायचं. तिथून ते सरळ दुकानात यायचे आणि कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या गाठोड्यावर आडवे व्हायचे. "जेवता का?" विचारलं तर नुसतं बोट हलवायचे. बोलायलाही ताकद लागते, हे मला तेव्हा कळलं.

दर खेपेला नर्स विचारायची, "मास्तर, मागच्या वेळी घरी गेल्यावर किती वेळाने बरं वाटलं?"

"तासाभरात."

धडधडीत खोटं. वर तिलाच घाई करायचे, "साडेतीन तासांत सोडा, गिऱ्हाईक खोळंबलंय." पाणी तेवढंच, वेळ कमी, माणूस पार पिळून निघायचा. त्यांच्या बायकोला, माझ्या ताईला, ठाऊक होतं, मलाही होतं. आम्ही त्यांच्या तापटपणाला भिऊन गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

एकदा एका कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या बारा पँटी आल्या. मास्तर डायलिसिसवरून आले, घटकाभर पडले आणि बळेच उठून कात्री घेतली. दुसऱ्या दिवशी मी शिवायला बसले, तर शिवणीत दाबायला कापडच नाही. मापाबाहेर जे बोटभर कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. तीच सोडायची ते विसरले होते. नवशिकासुद्धा करणार नाही अशी चूक, आणि तीही बाराच्या बारा पँटींत.

"कापड आटलंय," मास्तर म्हणाले.

"कापड नाही आटलं, भावोजी. तुम्ही आटलात."

बोलून गेले आणि जीभ चावली. मास्तर एकेक तुकडा उचलून टेपने मोजत राहिले.

डायलिसिसच्या पुढच्या पाळीला मी सोबत गेले. नर्सने विचारलं, त्यांनी "तासाभरात" म्हटलं, आणि मी मध्ये तोंड घातलं. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाहीत. कधी कधी तर बरं वाटायच्या आधीच पुढची पाळी येते."

"हिला काय कळतंय?" मास्तर गुरकावले.

नर्सने पेन खाली ठेवलं. "दोन वर्षं मी इथे एक तास लिहितेय, मास्तर. डॉक्टर त्यावरच सगळं ठरवतात."

मग डॉक्टरांनी वेळ पाच तास केला, म्हणजे पाणी सावकाश निघेल. रक्त तपासलं, लोहाची इंजेक्शनं लावली. प्यायचं पाणी मोजून. घरी आल्यावर थोडं खायचं, थोडं पडायचं, मग कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. महिन्याभरात मास्तर संध्याकाळी उठून बसायला लागले. बरे झाले असं नाही. तसं कोणी म्हटलंही नव्हतं.

पण त्या बारा पँटींनंतर त्यांनी कात्रीला हात लावला नाही. दुकानात पगारी कटर ठेवला. माझ्याशी अबोला तर होताच.

परवा संध्याकाळी ते चालत दुकानात आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. कटर कापत होता, ते बघत होते. मग मला म्हणाले, "तुझ्यामुळे संध्याकाळ हाती लागली बघ."

मला वाटलं, राग गेला. मी हसले.

"आधी निदान टेबलाखाली पडलेला असायचो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात कात्री बघावी लागत नव्हती."

मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. उद्या नर्सने विचारलं तर मी पुन्हा खरंच सांगणार आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या हातून एक काज धड झालं नाही.